आई, बाबा आले!

भाचीचा फोन आला तो श्रावणात. तिची पहिली कथा एका दिवाळी अंकाने स्वीकारली होती. सोबत संपादकांची दोन ओळींची चिठ्ठी होती : कथा घेतो, पण शुद्धलेखन आणि विरामचिन्हे एकदा नीट पाहून पाठवा. हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर एका वाक्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता, तो कशासाठी हे तिला कळत नव्हते. "मावशी, व्याकरणाचं एकच पुस्तक सांग," ती म्हणाली, "सगळं त्यात असेल असं."

मी तीसेक वर्षे मुद्रितशोधन केले. खिळ्यांची छपाई संपत आली होती तेव्हा या कामात आले आणि पडद्यावर प्रुफे वाचता वाचता निवृत्त झाले. घरच्या कपाटाचे दोन खण अशाच पुस्तकांनी भरलेले आहेत. तरीही तिला चटकन एक नाव सांगता येईना. परीक्षार्थीला लागणारे व्याकरण आणि लेखकाला लागणारे व्याकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानात पहिलीच ढिगाने मिळते. शेवटी म्हटले, "शनिवारी अप्पा बळवंत चौकात ये. तिथेच बघू."

'मराठी व्याकरण' एवढे म्हणताच दुकानदाराने पुढ्यात थप्पी ठेवली. बहुतेकांच्या मुखपृष्ठावर स्पर्धा परीक्षांची नावे. ही पुस्तके वाईट नाहीत. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. मीही त्यावरच शिकले, आणि समास किंवा प्रयोग अडला की आजही आधी तेच उघडते. पण परीक्षेचे पुस्तक ओळखायला शिकवते : हा कर्मणी, हा भावे, हा तत्पुरुष, हा द्वंद्व. लिहिणाऱ्याची अडचण वेगळी. वाक्य अर्धे लिहून झालेले असते, हात थांबलेला असतो, आणि पुढचे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, इथे स्वल्पविराम की काहीच नाही, एवढेच त्याला त्या क्षणी हवे असते. ते अर्ध्या मिनिटात सापडले नाही, तर पुस्तक कितीही विद्वत्तेचे असो, ते टेबलावरून फडताळात जाते.

म्हणून मी पुस्तक चाळत नाही, त्याला प्रश्न विचारते. पहिला प्रश्न 'शरीर' आणि 'फकीर' यांचा. मराठी शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हे सगळेच सांगतात. खीर, पण खिरीत. फूल, पण फुलाला. त्याच चालीने फकिराला. मग 'शरिराला' का नाही? कारण शरीर हा तत्सम शब्द आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आला, आणि त्याचे दीर्घत्व सामान्यरूपातही टिकते : शरीराला. हे ज्या पुस्तकात नाही ते मी खाली ठेवते. ज्यात आहे, त्यालाही पुढचा प्रश्न असतोच : कुठला शब्द तत्सम हे मी ओळखू कसे? नियम पाळायला व्युत्पत्ती माहीत असावी लागते, आणि कथा लिहिणाऱ्या मुलीने प्रत्येक शब्दाचे कुळ शोधत बसावे ही अपेक्षा रास्त नाही. तिला नियमांच्या पुस्तकाइतकाच लेखनकोश लागतो. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' मला म्हणूनच इतका जवळचा. तो शब्द देतोच, शिवाय त्याचे सामान्यरूपही समोर ठेवतो. फडके २०२० साली गेले. मराठी शब्द नीट लिहिला जावा म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' याच जातीचा. १९२५ साली नाशिकला ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, पुण्यात श्री. म. माट्यांच्या हाताखाली शिकलेल्या या बाईंनी शंभरी गाठली तीही मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाची काळजी वाहत. त्यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आकाराने लहान आहे, आणि हाताशी ठेवायच्या पुस्तकाचा लहानपणा हा मोठा गुण असतो.

ऱ्हस्व-दीर्घाने काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. आणि रफार! दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. एका संस्थेच्या स्मरणिकेचे प्रूफ मी वाचले होते. पंचवीस वर्षे तिथल्या उत्सवाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गृहस्थांचा त्यात सत्कार होता. मथळा हवा होता 'आचाऱ्यांचा सत्कार', छापला गेला 'आचार्यांचा सत्कार'. ते गृहस्थ स्मरणिका घेऊन आले, मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा माझा नाही." ज्या कामाचा मान व्हायचा, त्या कामाचे नावच पानावरून गेले होते. तेव्हापासून कुठलेही मार्गदर्शक घेताना 'ऱ्य' कुठे आणि 'र्य' कुठे हे त्यात आहे का, ते मी पाहतेच.

थोडा इतिहास सांगते. गोव्यात थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. मराठीचे व्याकरण विल्यम कॅरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरला काढले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६चे, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ सालचे. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि शासनाने मान्य केलेले हे अठरा नियम आपण आजही पाळतो. 'घरांतील कांहीं' याचे 'घरातील काही' झाले ते या नियमांनी, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकल्यामुळे. त्यांतला एक नियम मला फार आवडतो : विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य आणि केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य छापताना मुळाप्रमाणेच छापावे. जुन्यांच्या लेखणीला हात लावू नये, हे नियम करणाऱ्यांनीच लिहून ठेवले.

पण या अठरा नियमांत विरामचिन्हांसाठी एकही नियम नाही. माझा जीव अडकला आहे तो तिथेच.

बरीच वर्षे झाली, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे कागद पाहायला गेले होते. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबवत जायचे. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह तर नाहीच. मला ती शाईची सलग वाहती ओळ दिसत होती. शेजारी बसलेले जाणकार ती मोठ्याने वाचू लागले, आणि ऐकता ऐकता वाक्ये वेगळी झाली. 'ऐसियास' म्हणताना ते थांबत, 'जाणिजे' म्हणताना आवाज खाली उतरे. विराम कागदावर नव्हते, वाचणाऱ्याच्या गळ्यात होते. पत्राच्या शेवटी मात्र एक छोटा शिक्का उमटवलेला असे : 'मर्यादेयं विराजते'. लेखनाची मर्यादा इथे झाली, यापुढे कोणी मजकूर घुसडू नये, यासाठी तो शिक्का. मी त्याच्याकडे बघतच राहिले. शिवकाळातल्या पत्राचा हा पूर्णविराम! ठिपक्याएवढा नव्हता, मुद्रेएवढा होता, आणि त्यामागे राज्याची जरब होती.

आजची चिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते (१८०४–१८७७). मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात थॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंचा हात होता. पुढे १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश निघाला त्यावरही मोल्सवर्थबरोबर कँडींचे नाव आहे. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले. तोवर आपल्याकडे श्लोकाच्या शेवटचा दंड होता. गद्यासाठी असे काही ठरलेले नव्हते. विचार करा, ज्ञानेश्वरीपासून बखरींपर्यंतचे सारे मराठी लेखन स्वल्पविरामाशिवाय झाले, आणि अशा चिन्हांवर मराठीत वेगळे पुस्तक निघून अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. आपल्या लेखनात विरामचिन्हे डळमळीत असतात त्याचे एक कारण मला यात दिसते. गळ्यातला विराम आणि कागदावरचा विराम यांची अजून पुरती ओळख झालेली नाही.

'की'चेच घ्या. "तो म्हणाला, की पाऊस येईल" असे लिहावे की "तो म्हणाला की, पाऊस येईल"? मोठ्याने वाचून पाहा. आवाज 'की'नंतर थांबतो. पण व्याकरणाने पाहिले तर 'की' पुढच्या वाक्याला मागच्याशी जोडणारे, म्हणजे पुढच्याचे दार. मी स्वल्पविराम 'की'च्या आधी देते. उलट लिहिणारे चांगले लेखक मला माहीत आहेत आणि त्यांच्या प्रुफांत मी कधी तो हलवला नाही. एका पुस्तकात मात्र एकच रीत असावी, याबद्दल मी लेखकांशी तासन्‌तास बोलले आहे. चांगले मार्गदर्शक अशा जागी दोन्ही रीती दाखवते, स्वतःची निवड सांगते आणि तिचे कारणही देते. नुसते 'असे लिहावे' म्हणणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास बसत नाही.

अपूर्णविरामाचे दुखणे खास देवनागरीचे. त्याची दोन टिंबे अगदी विसर्गासारखी दिसतात. 'सूचना' या शब्दाला चिकटवून ती दिली तर डोळ्याला 'सूचनाः' दिसते. म्हणून जुने जुळारी आधी थोडी जागा सोडत, किंवा पुढे आडवी रेघ जोडत. इंग्रजीवरून उचललेल्या मार्गदर्शकांत हा मुद्दा येत नाही, कारण रोमन लिपीत ही अडचणच नाही. पुस्तक मराठीतून विचार करून लिहिले आहे की नाही, हे मी या एका जागेवरून ओळखते. संयोगचिन्ह आणि अपसारणचिन्ह यांचेही तसेच. 'ये-जा', 'पुणे-मुंबई' यांतली छोटी रेघ जोडते. 'तिने एकच गोष्ट मागितली – वेळ' यातली लांब रेघ श्वास रोखून धरते. मोबाइलवर लिहिणारे दोन्हींसाठी एकच छोटी रेघ वापरतात, आणि 'मागितली-वेळ' असा कुठल्याच कोशात नसलेला जोडशब्द तयार होतो. मोबाइलच शब्दयोगी अव्ययेही तोडून टाकतो. 'घरासमोर'चे 'घरा समोर', 'तिच्यासाठी'चे 'तिच्या साठी'. शब्दयोगी जोडूनच लिहायचे, हे आजच्या मार्गदर्शकात ठळक अक्षरांत हवे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी पात्रे प्रमाण लेखनाच्या चौकटीत कोंबायला जो सांगतो, तो मार्गदर्शक कथालेखकाने घेऊ नये. बोली अशुद्ध नसते. विराम मात्र तिलाही लागतात, उलट जास्तच लागतात, कारण तिचा ठेका अनोळखी वाचकाला त्या चिन्हांतूनच ऐकू येतो.

तर आम्ही त्या थप्पीतले एकेक पुस्तक उघडत होतो. मी अनुक्रमणिकेत विरामचिन्हांना किती पाने दिली ते मोजत होते. बहुतेक ठिकाणी एक तक्ता : चिन्हाचे नाव, आकृती, एक उदाहरण. 'तो कुठे गेला हे मला माहीत नाही' यापुढे प्रश्नचिन्ह येत नाही, एवढेही कित्येकांत नव्हते. अवतरणात पूर्ण वाक्य असेल तर पूर्णविराम चिन्हाच्या आत आणि एखादाच शब्द असेल तर बाहेर, हे एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या पुस्तकात सापडले. ते आम्ही घेतले. एक लेखनकोश घेतला. अठरा नियमांची उदाहरणांसह पुस्तिका घेतली. एकाच पुस्तकात सगळे मिळावे ही तिची इच्छा पुरी झाली नाही. तिन्हींची किंमत मिळून तिच्या मानधनापेक्षा कमी होती, हे तिने स्वतःच हिशेब करून सांगितले.

मग समोरच्या अमृततुल्यात चहा घेताना तिने हस्तलिखित काढले. गोल केलेले वाक्य कथेतले पहिलेच होते. आठ वर्षांनी घरी परतणारा बाप दारात उभा आहे, आणि त्याला फक्त फोटोत पाहिलेली मुलगी आत स्वयंपाकघराकडे ओरडते. तिने लिहिले होते : 'आई बाबा आले!'

"हे वाचून संपादकांना काय वाटलं असेल?" मी विचारले.

ती थोडा वेळ पाहत राहिली. "दोघंही आले असं," ती म्हणाली. "आई-बाबा. पण आई तर घरातच आहे."

तिने माझ्या पर्समधली पेन्सिल मागून घेतली, 'आई'नंतर स्वल्पविराम दिला आणि वाक्य पुन्हा एकदा हळू आवाजात वाचले.