नारूचा नायनाट आणि गावची नर्सबाई

काही रोगांवर औषध असते, काहींवर लस असते. नारूवर यांपैकी काहीच नव्हते आणि आजही नाही. तरीही हा रोग आपल्या देशातून नाहीसा झाला. हे कसे घडले?

नारू हा दोऱ्यासारखा जंत. मादीची लांबी मीटरभरही भरते. त्याचे जीवनचक्र मोठे चमत्कारिक आहे. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा प्राणी असतो. त्याच्या शरीरात नारूच्या अळ्या वाढतात. असे पाणी न गाळता प्यायले, की जठरातील आम्लात सायक्लॉप्स मरतो. अळ्या मात्र वाचतात आणि शरीरात शिरतात. सुमारे वर्षभराने मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावते. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. त्या सायक्लॉप्स गिळतात. चक्र पूर्ण!

जंत काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा, एवढाच इलाज. त्यात कित्येक आठवडे जात. तुटला तर जखम चिघळे. घरचा कर्ता माणूस तेवढे दिवस शेताला मुके.

म्हणजे उपाय करायचा तो रोग्यापेक्षा त्याच्या परिसरावर. 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. 1984 साली सात राज्यांत मिळून सुमारे 40 हजार रोगी आढळले. महाराष्ट्र त्या सातांपैकी एक. पायऱ्यांच्या विहिरी म्हणजे बारवा या रोगाचे माहेरघर, कारण तेथे लोक पाण्यात उतरूनच घागर भरत. अशा विहिरी बंदिस्त करणे, हातपंप बसवणे, पाण्यात सायक्लॉप्सनाशक टेमेफॉस टाकणे, ही कामे झाली.

पण रोगी शोधणार कोण? लंगडणारा माणूस दवाखान्यापर्यंत येत नाही. तेथे आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका घरोघर गेले. फोड दिसताच पट्टी बांधायची, रोग्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही आणि पाणी कापडातून गाळायला शिकवायचे. सूक्ष्म जीवाणू कापडातून निसटतात. सायक्लॉप्स मात्र अडकतो. पाणी भरणे आणि गाळणे बहुतेक घरांत बायकांकडे. नर्सबाई थेट माजघरात जाऊन त्यांच्याशी बोलू शकत होती, हे तिचे बळ. आजचा रोगी गेल्या वर्षीच्या पाण्याची साक्ष देतो आणि त्याला वेळीच आवरले, तर पुढच्या वर्षीचे रोगी टळतात.

जुलै 1996 मध्ये राजस्थानात भारतातील शेवटचा रोगी आढळला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

नर्सबाईंचे काम मात्र संपलेले नाही. सपाट प्रदेशात सुमारे 5 हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात 3 हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. गावात जुलाबाचे दोन रोगी दिसले, की तेथील सेविका क्षार-संजीवनी तर देतेच, शिवाय विचारते, “पाणी कुठले पिता?” पाण्यात ओटी चाचणीचे थेंब टाकले आणि रंग पिवळा झाला, तर क्लोरिन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर टीसीएल पावडर टाकण्याची व्यवस्था करायला हवी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावची ही चाचणी एकदा शिक्षकांबरोबर जाऊन पाहा. थेंबांनी पाणी पिवळे झाले का, याची नोंद वहीत करा.