खाली काय अंथराल?

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात मुक्काम ठरला की होस्टेलची मंडळी दोन-दोन ब्लँकेटं अंगावर ओढतात आणि तरी पहाटे कुडकुडतात. अहो, थंडी खालून येते! ऊब टिकते ती अडकलेल्या हवेमुळे. स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग आपल्या वजनाने दबतो, हवा निघून जाते आणि गुहेचा दगड रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहतो. (हीट ट्रान्सफरच्या पेपरात हेच तर लिहितो आपण!) म्हणून आधी कॅरीमॅट. तिच्या फोममधल्या बंद कप्प्यांतली हवा सहजी निघत नाही. मॅट नसेल तर प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रांचे जाड थर आणि दोनातलं एक ब्लँकेट खालीच घाला. तोंड मात्र बॅगेत खुपसू नका, श्वासाच्या वाफेने अस्तर ओलं होतं.