अण्वस्त्रांचा धाक म्हणजे काय?

शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत युनियनकडे हजारो अण्वस्त्रं होती, तरी एकानंही दुसऱ्यावर ती टाकली नाहीत. का? कारण पहिला वार केला, तरी समोरचा उरलेल्या अस्त्रांनी आपल्यालाही संपवेल, हे दोघांना ठाऊक होतं. या धाकालाच 'प्रतिरोधन' म्हणतात.

भारताने २००३ मध्ये 'प्रथम वापर नाही' हे धोरण अधिकृतपणे जाहीर केलं. मग पहिला वार सोसूनही आपली क्षेपणास्त्रं शाबूत राहायला हवीत. एका जागी असली, तर ती शत्रूला सापडतील. म्हणून फिरती प्रक्षेपक वाहनं लागतात. 'अग्नी'साठी अशी वाहनं आपल्या दिघीतल्या डीआरडीओ प्रयोगशाळेने विकसित केली.

पण धाक म्हणजे शांततेची हमी नव्हे. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात जग १३ दिवस अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होतं. तेव्हा वाचवलं ते वाटाघाटींनीसुद्धा.