जुन्या गाडीची वॉरंटी : कोणाची, कशाची आणि कुठे चालणारी?

जुनी गाडी घेताना "सहा महिने वॉरंटी आहे, बिनधास्त चालवा" असं कोणी म्हटलं की आपली निम्मी काळजी मिटते. पण हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. आज त्या तीन वेगळ्या करून बघू.

पहिली वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची. ती सहसा गाडीबरोबर जाते. मुदत आणि किलोमीटर शिल्लक असले, तर कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या अधिकृत वर्कशॉपमध्येही चालते. दुसरी, आधीच्या मालकाने पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी. ती बहुधा आपल्या नावावर करून घ्यावी लागते. तिसरी, विकणाऱ्या डीलरने स्वतः दिलेली. तिच्या मागे कंपनी असेलच असं नाही. सगळी भांडणं होतात ती या तिसरीवरून.

माझाच अनुभव सांगतो. कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. तंजावरच्या शहाजीराजे भोसल्यांनी १६९३ मध्ये विद्वानांना दिलेलं, श्रीधर अय्यावाळांचं गाव. पुण्याहून आम्ही तिथे गेलो आणि इंजिन तापायला लागलं. गाडी लगेच बंद केली, टो करून कुंभकोणमला नेली. वॉटर पंप गळत होता. तिथला सर्व्हिस अॅडव्हायझर सरळ म्हणाला, "कंपनीची वॉरंटी संपली आहे. हा कागद तुमच्या डीलरचा, पैसे तुम्ही भरा." डीलरला फोन केला, तर उत्तर आलं, "गाडी आमच्या वर्कशॉपला आणा." म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त अंतर! कागदावर तर "भारतभर लागू" असं छापलेलं होतं.

मी दुरुस्तीची मंजुरी ई-मेलने मागितली. दोन दिवस उत्तर नाही. मग पंप बदलून घेतला; जॉब कार्ड, बिल आणि काढलेला जुना पंप बरोबर आणला. लेखी नोटीस गेल्यावर पंपाचे पैसे मिळाले, मजुरीचे नाही. जे मिळालं ते कागदांमुळे. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा काहीच नव्हता.

आता "बाहेर काम केलंत, वॉरंटी गेली" या वाक्याबद्दल. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजना न मिळू देण्याबद्दल दंड तर लावलाच, शिवाय बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही सांगितलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येते, असं त्याचं सूत्र. कंपन्या अपिलात गेल्या, पण तर्क साधा आहे : बाहेर ब्रेक पॅड बदलले म्हणून एसीची वॉरंटी का जावी?

गाडी घेण्याआधी चार प्रश्न विचारा. वॉरंटीवर सही कोणाची? कोणते भाग त्यात येतात? क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग म्हणून बहुधा वगळतात. दुसऱ्या गावात बंद पडली तर मंजुरी कोण देणार, किती वेळात? गाडी उघडून तपासण्याची मजुरी कोणाची? उत्तरं विक्रीच्या कागदावरच लिहून घ्या.

वर्कशॉपने नकार दिला, तर कारणासह लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, डीलर कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तेव्हा मंडळी, गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेताच, तशी दहा मिनिटं त्या कागदालाही द्या.