दुबईच्या बाल्कनीतला टोमॅटो

दुबई-शारजात बाल्कनीतल्या भाजीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. टोमॅटोला फुलं येतात, पण ३५ अंशांच्या पुढे परागकण निकामी होऊ लागतात आणि फुलं देठासकट गळतात. मग कितीही खत ओता! कुंडीचं दुखणं वेगळंच. जमिनीतली मुळं खाली गारव्याला असतात, कुंडी मात्र चहूबाजूंनी तापते. काळ्या प्लास्टिकची तर विचारूच नका. ती जरा मोठ्या, पांढऱ्या कुंडीत ठेवावी, मधली हवा उष्णता अडवते. मातीवर पांढरी पापडी धरली, तर ते साचलेले क्षार. तळातून निथळेपर्यंत पाणी घालावं आणि बशीतलं लगेच ओतून टाकावं, नाहीतर तेच क्षार माती पुन्हा शोषते. मेथी-कोथिंबीर नोव्हेंबरात पेरावी. मेनंतर हट्टच असेल, तर भेंडी लावा.