डॅफ्नीने मान हलवली का?

(ऑडिओ भागाचं थोडं संपादित शब्दांकन)

आजची गोष्ट अपोलो आणि डॅफ्नीची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचलेली नसेल, पण पाहिलेली नक्की असेल. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत बर्निनीने १६२२ ते १६२५ या काळात घडवलेला संगमरवरी पुतळा आहे. धावणारी मुलगी, मागून येऊन पोचलेला तरुण, आणि तिच्या बोटांतून फुटणारी पानं. त्याचा फोटो कधी ना कधी मोबाईलवर येतोच, बहुतेक वेळा खाली लाल बदाम टाकलेला असतो. आता त्या मुलीचं तोंड जरा मोठं करून बघा. ती किंचाळतेय.

गोष्ट ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसीस'मधली. नावाचा अर्थ सरळ आहे, रूपांतरं. पंधरा खंडांचं हे लॅटिन काव्य इसवी सन ८ च्या सुमाराला पूर्ण झालं, आणि ही गोष्ट अगदी पहिल्या खंडात येते. ओव्हिड सुरुवातीलाच सांगतो की डॅफ्नी हे अपोलोचं पहिलं प्रेम. लगेच पुढे सांगतो की ते योगायोगाने जडलं नव्हतं, क्युपिडच्या रागातून आलं होतं.

झालं असं, की अपोलोने पायथन नावाचा अजस्र साप मारला आणि त्याच तोऱ्यात क्युपिडची थट्टा केली. धनुष्यबाण हे काय पोरांचं खेळणं आहे का, वगैरे. क्युपिडने दोन बाण काढले. टोकदार सोन्याचा अपोलोला, बोथट शिशाचा डॅफ्नीला. पहिल्याने प्रेम जडतं, दुसऱ्याने प्रेमाचा तिटकारा येतो. म्हणजे भांडण दोन देवांचं आणि फळ भोगायचं तिसरीने. पुराणं ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

डॅफ्नी ही पेनिअस नदीची मुलगी. तिकडे नद्या पुरुष असतात, बाप असतात. गोदामाईच्या काठावर बसून हे वाचताना जरा अडखळायला होतं. बाप तिच्या मागे लागलाय, लग्न कर, मला जावई दे, नातवंडं दे. ती त्याच्या गळ्यात पडून म्हणते, मला कायमची कुमारी राहू द्या, डायनाच्या वडिलांनी तिला दिलंच की हे वरदान. बाप हो म्हणतो. हे लक्षात ठेवा. तिला काय हवंय हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे, अपोलो भेटायच्या आधी.

मग तो पाठलाग. अपोलो पळता पळता बोलतोय. वीसेक ओळींचं भाषण आहे. मी शत्रू नाही, थांब. पडशील, काटे लागतील. जरा हळू पळ, मग मीही हळू येतो. मी कुणी गुराखी नाही, डेल्फी माझं आहे, बाप माझा ज्युपिटर. (यातलं 'हळू पळ, मीही हळू येतो' वाचून आम्ही रेकॉर्डिंगच्या आधी खूप हसलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही.) आणि डॅफ्नी? ती अपोलोशी एक शब्दही बोलत नाही. त्याचं भाषण अर्धवट तोडून ती पुढे निघून जाते. ओव्हिड उपमा देतो ती शिकारी कुत्रा आणि सशाची. प्रेमकथेत ही उपमा कुणी उगाच घालत नाही.

दमल्यावर ती बापाला हाक मारते: हे रूप बदलून टाक. अंगावर साल चढते, केसांची पानं होतात, हातांच्या फांद्या, पायांची मुळं. अपोलो खोडावर हात ठेवतो तर सालीखाली काळीज अजून धडधडतंय. तो लाकडाचं चुंबन घेतो, आणि लाकूडसुद्धा अंग चोरतं.

ते झाड म्हणजे लॉरेल. ग्रीकमध्ये 'डॅफ्नी' या शब्दाचाच अर्थ लॉरेल. आपल्या मसालेभातातलं तमालपत्र त्याच्याच कुळातलं, पण झाड वेगळं. दुकानात दोन्हींना 'बे लीफ' म्हणतात म्हणून घोळ होतो. अपोलो झाडाला सांगतो, बायको नाही होऊ शकत तर माझं झाड हो. माझ्या केसांत, माझ्या वीणेवर, भात्यावर तुझी पानं असतील. रोमच्या सेनापतींच्या विजयी मिरवणुकीत तू असशील, ऑगस्टसच्या दारात तू उभी असशील. हे शेवटचं नुसतं कवित्व नाही. इसवी सनपूर्व २७ मध्ये रोमच्या सिनेटने ऑगस्टसच्या दाराला लॉरेल लावण्याचा मान खरोखर दिला होता. आणि याच ऑगस्टसने पुढे इसवी सन ८ मध्ये ओव्हिडला काळ्या समुद्राकाठी टोमिसला हद्दपार केलं. आज आपण 'नोबेल लॉरिएट' म्हणतो त्यातला लॉरेलही हाच.

आता ज्या जागेसाठी हा भाग केला ती जागा. अपोलोचं बोलणं संपतं आणि ओव्हिड म्हणतो की झाडाने नव्या फांद्या लववल्या, आणि शेंडा असा हलला की मान हलवल्यासारखं वाटलं. वाटलं! मूळ लॅटिनमध्येही तिथे 'दिसलं, भासलं' अशाच अर्थाचं क्रियापद आहे. कुणाला वाटलं ते ओव्हिड सांगत नाही. पण त्या वेळी तिथे बघणारा होता एकच.

माझ्या मते सगळी गोष्ट या 'वाटलं'वर तोललेली आहे. ते गाळून वाचलंत तर ही प्रेमकथा होते, शेवटी ती हो म्हणाली. ते ठेवून वाचलंत तर तोंड नसलेल्या झाडाचा होकार एका माणसाने परस्पर नोंदवून घेतला, एवढंच उरतं. वारा आला असेल. फांद्या वाऱ्यानेही लवतात.

आपल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेला शब्दप्रयोग आहे, 'एकतर्फी प्रेमातून'. पुढे येणारा शब्द बहुतेक वेळा 'हल्ला' असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, तेव्हाही बातम्यांत हाच शब्द होता. एका बाजूने पाठलाग आणि दुसऱ्या बाजूने पळणं, यातल्या पहिल्यालाच आपण प्रेम म्हणून मोकळे होतो. पळण्याला नावच नाही. ओव्हिड दोन हजार वर्षांपूर्वी निदान पळणारीची धाप तरी लिहितो.

एक प्रश्न नेहमी येतो, आपल्याकडे अशी गोष्ट आहे का? आहे की, दारातल्या वृंदावनात. वृंदेची. विष्णूने जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं, आणि तिची तुळस झाली. तपशील पुराणागणिक बदलतात. पण दोन्ही गोष्टींत बाईचं झाड होतं आणि ज्याच्यामुळे झालं तो देव तिची पानं अंगावर मिरवतो. फरक मोठा आहे तो असा, की वृंदा बोलते. ती विष्णूला शाप देते, दगड होशील म्हणून, आणि तो शाळिग्राम होतो. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आपण तिचं लग्न लावतो, ऊस, चिंच, आवळे, मंगलाष्टकं सगळं साग्रसंगीत, आणि मग माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. त्या गर्दीत तिचा शाप कुणी म्हणून दाखवत नाही, पण गोष्टीत तो आहे. डॅफ्नीला तेवढंही मिळालं नाही.

आणि आपण नाशिककर. आपल्या गावाच्या नावाची जी कथा सगळ्यात जास्त सांगतात ती नाकाची. पंचवटीत शूर्पणखेने रामाला मागणी घातली. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम थट्टेने तिला लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण थट्टेनेच परत रामाकडे. ती चिडून सीतेवर धावते, आणि मग नाक-कान कापले जातात. तपोवनात ती जागा आजही दाखवतात. सीतेवर धावणं समर्थनीय नाहीच. पण दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ वाचल्या की एक बोच राहते. नकार दोघांनाही मिळाला, अपोलोलाही आणि शूर्पणखेलाही. थांबायला दोघेही तयार नव्हते. एकाच्या डोक्यावर पानांचा मुकुट आला, दुसरीच्या नाकावरून गावाचं नाव पडलं. राक्षसी आणि देव हा फरक आहे असं कुणी म्हणेल. असेल. बाई आणि पुरुष हाही आहे.

शाळा-कॉलेजात ही गोष्ट शिकवू नये असं म्हणणारेही आहेत परदेशात, निदान आधी सूचना द्यावी असं म्हणणारे तर बरेच. मला ती शिकवावी असंच वाटतं, फक्त 'प्रेमकथा' या मथळ्याखाली नको. वर्गात एवढंच विचारावं की डॅफ्नी अपोलोला काय म्हणाली? पोरं पान उलटसुलट करून शोधतील.

शेवटी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. डॅफ्नीचं झाड झाल्यावर आजूबाजूच्या नद्या पेनिअसला भेटायला येतात. मुलीचा एवढा मान झाला, देवाचं झाड झाली. पण अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांना कळत नाही. ओव्हिड त्यांना तसंच अवघडलेलं ठेवतो आणि पुढे जातो. एकच नदी तिथे आलेली नसते, इनाकस. तो आपल्या गुहेत बसून रडतोय, कारण त्याची मुलगी आयो घरी परतलेली नाही, आणि ती जिवंत आहे की नाही हेही त्याला माहीत नाही. तिच्यामागे ज्युपिटर लागला होता. ती गोष्ट पुढच्या भागात.