जुनी स्पीडबोट स्वस्तात का मिळते? किमतीत न दिसणारा खर्च आणि धोका

मायामीच्या समुद्रात सुसाट निघालेली लांबट, टोकदार स्पीडबोट पाहिली की ती एखाद्या अब्जाधीशाचीच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेत अशा बोटींचा सेकंडहँड बाजार चांगलाच मोठा आहे. वीस-पंचवीस वर्षं जुनी बोट नव्या बोटीच्या तुलनेत अगदी कमी पैशांत मिळते. पण खरा हिशेब सुरू होतो तो खरेदीनंतर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातला हा प्रकार.

या बोटी आल्या कुठून?

१९६० साली मायामी ते नासाऊ ही समुद्री शर्यत ‘मॉपी’ नावाच्या बोटीने जिंकली. रेमंड हंट यांच्या डिझाइनमुळे तिचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल होता. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते, ‘व्ही’ तळ मात्र लाट कापत जातो. पुढे मायामीत डॉन अ‍ॅरोनॉ यांनी फॉर्म्युला, डोन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या कंपन्या एकामागून एक उभ्या केल्या. आज जुन्या बाजारात ही नावं हमखास दिसतात.

मग स्वस्त का?

कार सपाट रस्त्यावर धावते तेव्हा इंजिनाची थोडीच ताकद लागते. बोटीला पाणी सतत मागे खेचत असतं. म्हणजे बोटीचं इंजिन कायम घाट चढत असतं! त्यामुळे ते लवकर झिजतं आणि पेट्रोलही भरपूर पितं. ढोबळ हिशेबाने ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १५० लिटर पेट्रोल जाळतं. अनेक बोटींना अशी दोन इंजिनं असतात.

घेताना काय तपासावं?

चकचकीत रंगावर जाऊ नये. जुन्या बोटींमध्ये फायबरग्लासच्या आत अनेकदा लाकूड असतं. स्क्रूच्या छिद्रातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं. माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच जाणकार तपासनीस लहान हातोडीने बोट ठोकून बघतो. आवाज बद्द आला तर शंका घ्यायची. बोटीच्या मागच्या भिंतीतलं लाकूड कुजलं असेल तर दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो.

इंजिन आत आणि पंख्याचा भाग बाहेर, अशी रचना असेल तर दोघांमधलं रबरी आवरण नीट पाहावं. ते फाटलं की पाणी आत येतं, बेअरिंग गंजतं आणि बोट बुडूही शकते. इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासावं आणि बोट पाण्यात पूर्ण वेगाने चालवून बघावी.

स्टार्टर किंवा अल्टरनेटर बदललेला असेल तर तो बोटीसाठीचाच आहे ना, हेही विचारावं. कारचा भाग दिसायला सारखा आणि स्वस्त असतो, पण त्याची ठिणगी बाहेर पडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साठते. तिथे एक ठिणगीही पुरे. म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर चालवतात.

चालवताना काय होतं?

बोटीला ब्रेक नसतात. वेग वाढला की तळाचा अगदी थोडा भाग पाण्याला टेकलेला राहतो आणि बोट डावी-उजवीकडे डोलू लागते. अशा वेळी घाबरून वेग एकदम तोडणं किंवा स्टिअरिंग झटकणं अंगलट येतं. नाक पाण्यात रुतून बोट गर्रकन फिरू शकते. बोटीचं नाक हळूहळू खाली आणत वेग कमी करायचा असतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. अनुभवी माणसाला शेजारी बसवूनच शिकावं लागतं.

लाल दोरीचं महत्त्व

इंजिन बंद करणाऱ्या स्विचला एक दोरी असते. तिचं दुसरं टोक चालकाच्या अंगाला अडकवायचं. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन थांबतं. दोरी लावलेली नसेल तर रिकामी बोट गोल गोल फिरत पाण्यात पडलेल्यांच्याच अंगावर येते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ नेमकं हेच घडलं. एक कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकलं गेलं आणि चालकाविना फिरणाऱ्या त्याच बोटीखाली वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. दोरी अडकवलेली नव्हती.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात चालवताना हा स्विच वापरणं बंधनकारक आहे. अनेक स्पोर्ट्स बोटी त्याहून लांब असल्याने नियमातून सुटतात, धोका मात्र तोच राहतो. त्यामुळे जुनी बोट चालवून बघताना एक चाचणी आवर्जून करावी. धक्क्याजवळ, इंजिन गिअरमध्ये नसताना दोरी ओढायची. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं, तरच किमतीची बोलणी सुरू करावीत.